नाशकात बाटल्यांची झाकणं द्यायची कुठे? चार सोयींचा परखड आढावा

सोसायटीच्या जिन्याखाली पाण्याचा जुना वीस लिटरचा जार, त्याचं तोंड कापून मोठं केलेलं आणि वर चिकटवलेला कागद: ‘प्लास्टिकची झाकणं इथे टाका. यातून दिव्यांगांना व्हीलचेअर मिळेल.’ जार भरेपर्यंत सगळं सोपं असतं. तो भरल्यावर पुढे काय, हे मात्र कागदावर लिहिलेलं नसतं. नाशकात झाकणं देण्याच्या चार सोयी आहेत: घंटागाडी, कोपऱ्यावरचा भंगारवाला, सोसायट्यांतून झाकणं उचलणारे स्वयंसेवी गट आणि थेट अंबड-सातपूरकडचे ग्राइंडिंगवाले, म्हणजे प्लास्टिकचा चुरा करणारे कारखाने. इथे चारही तपासल्यात. गटांची आणि दुकानांची नावं मुद्दाम टाळलीत. माणसं बदलली की दुकान बदलतं, पण सोयीचा प्रकार आणि त्यातल्या खाचाखोचा त्याच राहतात.

आमची कसोटी एकच. वजनाची पावती मिळते ती सोय चांगली, नुसते वाटपाचे फोटो मिळतात ती संशयाची.

आधी गणित, कारण बहुतेकांचा भ्रम इथेच उतरतो. पाण्याच्या बाटलीचं आखूड झाकण सव्वा ते दीड ग्रॅमचं असतं, कोल्ड्रिंकच्या बाटलीचं अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि लग्नात वाटतात त्या दोनशे मिलीच्या बाटलीचं जेमतेम एक ग्रॅम. सरमिसळ धरली तर किलोला पाचशे-साडेपाचशे झाकणं लागतात. जपानमधल्या झाकण-मोहिमेत किलोला ४३० झाकणं आणि ८६० झाकणांमागे २० येन, म्हणजे पोलिओची एक लस, असा हिशेब मांडत. तुर्कस्तानातल्या निळ्या झाकणांच्या मोहिमेत साध्या व्हीलचेअरसाठी २५० किलोचा आकडा रूढ झाला.

आता ८० फ्लॅटची सोसायटी घ्या. घरटी रोज एक झाकण, आणि एकही घर आळस करत नाही, असं धरलं तरी महिन्याला २,४०० झाकणं होतात. म्हणजे साधारण साडेचार किलो, वर्षाला पन्नास-पंचावन्न किलो. भंगाराचा भाव सतत हलतो, म्हणून निव्वळ उदाहरणासाठी २० रुपये किलो धरा. वर्षभराचे हजार-अकराशे रुपये हातात येतात. घडीची साधी व्हीलचेअर सात हजारांची समजली तर एका खुर्चीसाठी अशा सहा-सात सोसायट्यांचं अख्खं वर्ष जातं, तेही टेम्पोचं भाडं कुणीतरी खिशातून भरलं तर. लॉन्सवरच्या हजार पाहुण्यांच्या लग्नात माणशी दोन बाटल्या फुटल्या तर दोन किलो झाकणं निघतात. चाळीस रुपये! ते वेचायला दोन माणसांचा तास-दीड तास जातो.

म्हणून ‘झाकणांतून पैसा उभा राहतो’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावण्याआधी किलो विचारा. या कामाचा खरा फायदा पैशांत कमी आणि मालात जास्त आहे: घरातल्या घरात वेगळं केलेलं, स्वच्छ, एकाच जातीचं प्लास्टिक. भंगाराच्या नेहमीच्या साखळीत ते जवळजवळ मिळतच नाही.

एक गैरसमज आधीच बाजूला काढू. झाकण बाटलीपासून वेगळं केलंच पाहिजे असं नाही. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते, झाकण एचडीपीई किंवा पीपी या वेगळ्या जातींचं. पेटची घनता १.३८ च्या आसपास, म्हणून ते पाण्यात बुडतं; झाकणाची ०.९० ते ०.९६, म्हणून ते तरंगतं. मोठ्या प्लांटमध्ये झाकणासकट बाटली चुरडून पाण्याच्या टाकीत सोडतात आणि दोन्ही माल आपसूक वेगळे होतात. तेव्हा झाकण जारात जाणार नसेल तर बाटली चेपून हवा काढा आणि झाकण परत घट्ट बसवा. सुटं झाकण रस्त्यावर किंवा कचऱ्यात टाकणं सगळ्यात वाईट. ते वर्गीकरणाच्या चाळणीतून बारीक कचऱ्यासोबत खाली गळतं, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून गोदावरीत जातं, आणि पावसाळ्यात उताणं पडलं तर त्यातल्या चमचाभर पाण्यातही डासाच्या अळ्या वाढू शकतात. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयाच्या बाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच ठेवावं लागतं, त्यामागे हेच कारण आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही, त्यामुळे जार अजून उपयोगाचा आहे.

घंटागाडी: पाचपैकी दोन

दारात येते, पैसे लागत नाहीत, सुका कचरा वेगळा घेते. यापुढे झाकणांच्या दृष्टीने फारसं काही नाही. सुटी झाकणं सुक्या कचऱ्यात मिसळली की शोधून काढणं कुणालाच परवडत नाही. पारदर्शक पिशवीत किलो-दोन किलो भरून, गाठ मारून दिली तर वेचणाऱ्याच्या नजरेला पडण्याची शक्यता वाढते. दानधर्माचा इथे संबंध नाही. ज्यांच्याकडे महिन्याला मूठभरच झाकणं निघतात त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे बाटलीला झाकण लावून याच गाडीत द्यावं, उगाच जार मांडू नये.

भंगारवाला: पाचपैकी तीन

रोख पैसे, लगेच, कुणाची मनधरणी नाही. रद्दीच्या फेरीला सोबत दोन गोण्या नेल्या तर तो नाही म्हणत नाही. पण बहुतेक छोटे भंगारवाले झाकणं ‘मिक्स प्लास्टिक’च्या ढिगात टाकतात आणि मिक्सचाच भाव देतात, तुम्ही कितीही निवडून नेली तरी. निवडीची किंमत हवी असेल तर आधी विचारा: ‘एचडी (म्हणजे एचडीपीई) वेगळी घेता का, पीपी वेगळी घेता का?’ हो म्हणाला तरच वर्गवारी करून न्या. नाही म्हणाला तर निवडण्यात घालवलेली संध्याकाळ फुकट गेली समजा.

काट्याबद्दल दोन शब्द. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची चालू वर्षाची मोहर असायला हवी. ती दिसत नसेल तर दहा किलोची सीलबंद आट्याची पिशवी आधी काट्यावर ठेवून बघा, आणि गोणी ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे का तेही. स्प्रिंगचा गोल काटा हलक्या मालाला निरुपयोगी आहे; आठ किलोच्या गोणीत पाव किलो इकडेतिकडे झालं तर तीन टक्के गेले.

स्वयंसेवी गट: पाचपैकी साडेतीन, पण चांगला गट मिळाला तर साडेचार आणि वाईट मिळाला तर एक

हीच सोय सगळ्यात लोकप्रिय आहे आणि हिच्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहायला हवं.

चांगल्या गटाचं काम असं चालतं. सोसायटीत एक संपर्क-व्यक्ती ठरलेली असते. जार भरला की ती फोटो पाठवते, गट चार-पाच सोसायट्यांची उचल एका फेरीत बसवतो. उचलताना तिथेच लटकत्या डिजिटल काट्यावर वजन होतं आणि आकडा संपर्क-व्यक्तीच्या देखत लिहिला जातो. तिमाहीला एक साधा तक्ता येतो: कुठल्या सोसायटीचे किती किलो, एकूण किती विकले, कुठल्या भावाने, टेम्पोला किती गेले, शिल्लक किती. विक्रीच्या पावतीचा फोटो जोडलेला असतो. एवढं असलं की डोळे मिटून द्या.

तक्त्यात बघायची खरी जागा म्हणजे तूट. सोसायट्यांतून उचललेल्या वजनाची बेरीज आणि ग्राइंडिंगवाल्याच्या पावतीवरचं वजन कधीच जुळत नाही, आणि जुळूही नये. ओल सुकते, नको ती झाकणं निवडीत बाहेर जातात. पाच ते दहा टक्के फरक समजण्यासारखा आहे. शून्य फरक दाखवणारा गट एकतर निवड करत नाही किंवा आकडे मागाहून भरतो. पंचवीस टक्के तूट असेल तर सोसायट्यांना नीट सूचना गेलेल्या नाहीत, किंवा माल दुसऱ्या वाटेने जातोय.

वाईट गटाची खूण लगेच कळते. तो ‘किती किलो’ऐवजी ‘किती लाख झाकणं’ सांगतो. लाख झाकणं ऐकायला भारी वाटतात, पण पाण्याच्या हलक्या झाकणांचे ते दीडशे किलोही भरत नाहीत. दुसरी खूण म्हणजे ‘या झाकणांपासूनच कृत्रिम पाय बनतात’ हा दावा. गोंधळ कुठून आला ते समजतं: जयपूर फूटच्या पायात पोटरीचा आणि खोबणीचा भाग खरोखरच एचडीपीईच्या पाइपापासून बनवतात, पाइप तापवून प्लास्टरच्या साच्यावर चढवतात. पण त्यासाठी एकसारख्या दर्जाचा, एकसारख्या जाडीचा पाइप लागतो. रंगीबेरंगी झाकणांच्या चुऱ्याचं ते काम नाही. झाकणं विकली जातात आणि आलेल्या पैशांतून साहित्य घेतलं जातं, एवढाच खरा दुवा. तिसरी खूण: ‘इतकी झाकणं आणा, आजारी मुलाचा उपचार फुकट’ असा मोबाइलवर फिरणारा निरोप. असे निरोप जगभर फिरलेत आणि त्यांच्या शेवटी बहुतेकदा कुठलंच रुग्णालय नसतं. त्या निरोपातल्या रुग्णालयाला फोन केल्याशिवाय एकही झाकण जमवू नका.

या सोयीतली नेहमीची अडचण म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर उचल रेंगाळते, कारण ओला माल कुणालाच नको असतो. तोवर जिन्याखालच्या जारात कोल्ड्रिंकच्या झाकणांतली साखर आंबते, मुंग्या येतात, काळी बुरशी धरते आणि सोसायटीच्या बैठकीत जार हटवायचा ठराव येतो. यावर उपाय गटाचा नाही, आपला आहे: झाकण टाकण्याआधी भांडी विसळलेल्या पाण्यातून काढायचं आणि ओट्यावरच्या फडक्यावर रात्रभर पालथं ठेवायचं. नळ सोडून एकेक झाकण धुणं म्हणजे चार आण्याच्या मालाला बारा आण्यांचं पाणी.

थेट ग्राइंडिंगवाला: पाचपैकी चार, मात्र शंभर किलोंच्या आत असाल तर फोनही करू नका

अंबड, सातपूर आणि पुढे सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीच्या बाजूला प्लास्टिकवाले आहेत. काही नुसतं ग्राइंडिंग करतात, काही पुढे दाणाही पाडतात. इथे निवडलेल्या मालाला भाव मिळतो, कारण निवड हेच त्यांचं सगळ्यात महागडं काम असतं.

आत काय होतं ते माहीत असेल तर त्यांच्या अटी जाचक वाटत नाहीत. माल आधी टेबलावर पसरून हाताने निवडतात, लोहचुंबक फिरवतात. मग ग्राइंडर: फिरत्या आणि स्थिर पात्यांमध्ये झाकणं कापली जातात आणि आठ-दहा मिलीमीटरच्या भोकांच्या जाळीतून चुरा खाली पडतो. चुरा धुतात, वाळवतात. दाणा पाडायचा असेल तर एक्स्ट्रूडरमध्ये वितळवतात, एचडीपीई साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसला, पीपी थोडं वर. जाळीतून गाळून, शेवयांसारखे धागे पाण्यात थंड करून त्यांचे तुकडे करतात. तो दाणा.

या साखळीत बियरच्या बाटलीचं एक पत्र्याचं बूच गेलं की पात्याची धार गेली. पाती काढून धार लावायला देईपर्यंत मशिन बंद. म्हणून एका गोणीत दोन बुचं सापडली की सगळ्या गोण्यांवर घट धरली जाते, आणि त्यात त्यांची चूक नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माल नेला तरी हाच प्रकार: सिमेंटची भुकटी पात्यांना कानशीसारखी घासते आणि दाण्यात राखाडी ठिपके येतात. खताच्या, कीटकनाशकाच्या गोण्या तर नकोतच. साखरेची किंवा मैद्याची ५० किलोची, झटकून घेतलेली गोणी उत्तम.

एचडीपीई आणि पीपी एकत्र का चालत नाहीत? दोन्ही तरंगतात, दोन्ही सारखेच दिसतात, पण वितळल्यावर एकजीव होत नाहीत. मिसळलेल्या दाण्याचं घमेलं साच्यातून सुरेख निघतं आणि पहिल्या आपटीत जोडावर तडकतं. पाच-सात टक्के पीपी बरेच जण चालवून घेतात. त्यापुढे माल ‘मिक्स’मध्ये जातो आणि भाव कोसळतो.

रंगही मोजला जातो. पांढरी आणि पारदर्शक झाकणं वेगळी असतील तर चांगली किंमत, कारण त्या दाण्याला हवा तो रंग देता येतो. निळी भरपूर निघतात, ती एकटी ठेवली तरी गिऱ्हाईक आहे. लाल, हिरवी, पिवळी, केशरी एकत्र वितळली की मळकट राखाडी होतात आणि मग काळा रंग घालण्यावाचून गत्यंतर नसतं: कुंड्या, घमेली, ट्रे. झाकणांचं एचडीपीई साच्यात दाबून वस्तू बनवायच्या जातीचं असतं, त्यामुळे अशा वस्तूंना ते जमतं. पिशव्यांची फिल्म ओढायला हा माल द्यायचा विचारही करू नका. आणि खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी असा मिश्र दाणा कधीच नाही.

फोनवर विचारायचं ते एवढंच: एचडी झाकणांचा आजचा भाव, कमीत कमी किती किलो, पावती देता का, उतरवून कोण घेणार. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते, म्हणून रविवारची मोकळीक धरून आखणी करणाऱ्यांनी वार आधी पक्का करावा.

काय घ्यायचं, काय नाही

कुठलीही सोय निवडा, निवड घरातच व्हायला हवी. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक त्रिकोण असतो: २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी, ४ म्हणजे एलडीपीई. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की आकडा वाचता येतो. आकडा नसेल तर हाताला कळतं. एचडीपीई किंचित मेणचट लागतं आणि नखाने ओरखडा उठतो. पीपी कडक, चकचकीत, नख घसरतं. शांपू, सॉस, फेसवॉशची उघडझाप होणारी बिजागरीची झाकणं जवळजवळ नेहमी पीपीची, कारण हजार वेळा वाकून न तुटणारी पातळ बिजागरी त्याच्यातच जमते. पाण्याच्या बाटलीचं एकसंध झाकण बहुधा एचडीपीई. आत वेगळी मऊ चकती बसवलेलं सोड्याचं जुन्या पद्धतीचं झाकण बहुधा पीपीचं. चकती सुरीच्या टोकाने काढा, निघत नसेल तर झाकण बाजूला ठेवा.

वाद मिटत नसेल तर स्वयंपाकघरातली एक चाचणी आहे. झाकणाचा नखाएवढा तुकडा कापून वाटीभर सोयाबीन तेलात टाका आणि काडीने दाबून बुडबुडे घालवा. पीपी वर येतं, एचडीपीई तळाशी जातं. पांढऱ्या झाकणात रंगद्रव्याचं वजन असतं, त्यामुळे पांढरं पीपी कधी कधी अधांतरी राहतं. तिथे या चाचणीवर विसंबू नका. तेल नंतर दिव्याला वापरा, फोडणीला नको.

आता नकोतच अशी झाकणं. लिक्विड साबणाचे पंप: आत स्टीलची स्प्रिंग आणि कधी काचेची गोळी असते. मध आणि सॉसच्या झाकणातली मऊ सिलिकॉनची झडप: ती वितळत नाही, जाळीत अडकते. औषधांच्या बाटल्यांची दाबून फिरवायची दुहेरी झाकणं आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीची झाकणं. वीस लिटर जारचं मऊ झाकण बहुधा एलडीपीईचं असतं, आत फोमची चकती असते. जारवालाच परत घेतो का ते विचारा. वाइनच्या बाटलीचं फिरकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. नाशकात ते कमी निघत नाही, आणि भंगारवाला ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी चढ्या भावाने वेगळं घेतो. जारात टाकून वाया घालवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खास नाशिक जिल्ह्यासाठी: द्राक्षबागेतल्या फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांची झाकणं. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडून गावाकडची माणसं आपुलकीने पिशवीभर झाकणं आणतात, त्यात ही हमखास असतात. जाड, चांगल्या एचडीपीईची, म्हणून वजनाला मोहात पाडणारी. पण आतले आटे, चकती आणि कड यांत औषध मुरलेलं असतं, ते साध्या धुण्याने जात नाही आणि निवडणाऱ्या बायकांच्या उघड्या हातांना लागतं. शाळेच्या जारात तर हे झाकण लहान मुलांच्या हातात येतं. वास आला, किंवा झाकणाच्या आत चंदेरी सीलचा तुकडा चिकटलेला दिसला आणि बाटली कशाची होती ते सांगता आलं नाही, तर ती अख्खी पिशवी परत करा. आमच्या दृष्टीने चांगल्या गटाची ही दुसरी परीक्षा आहे: तुमच्या सूचनाफलकावर फवारणीच्या झाकणांबद्दल एक ओळ आहे का?

साहित्य

वेगळं विकत काही घ्यावं लागत नाही. वीस लिटरच्या जारात अडीच किलोच्या आसपास झाकणं मावतात. पारदर्शक जारच घ्या, रंगीत डबा नको. आतला माल दिसला की त्यात चहाचे कप आणि बिस्किटाचे कागद पडायचे कमी होतात. तोंड झाकण जाईल एवढंच ठेवा, पाच सेंटिमीटरचं. तळाला चार-पाच बारीक भोकं पाडा म्हणजे चुकून आलेलं पाणी निथळेल. जार गच्चीत ठेवू नका. झाकणांना उन्हापासून वाचवणारं द्रव्य फारसं नसतं. दोन उन्हाळे उघड्यावर काढले की ती ठिसूळ होतात आणि दाण्याची ताकद जाते.

साखरेच्या ज्या गोणीत पन्नास किलो साखर मावते, तिच्यात झाकणं मावतात आठ किलो. वाहतुकीचं सगळं गणित या एका आकड्यावर आहे. छोट्या टेम्पोत चाळीसेक गोण्या रचता येतात, म्हणजे सव्वातीनशे किलो. भाडं आठशे आणि भाव वीस धरला तर आठ गोण्यांच्या फेरीत तेराशेपैकी पाचशे उरतात, तीस गोण्यांच्या फेरीत अठ्ठेचाळीसशेपैकी चार हजार. तीस गोण्या होईपर्यंत थांबायला कोरडी, उंदीर नसलेली, विजेच्या मीटरपासून लांबची जागा हवी. ती नसलेल्या गटाने जागा असलेल्या गटाला माल द्यावा हे बरं. सुरुवातीच्या उत्साहात दर महिन्याला टेम्पो बोलावणारे गट वर्षात थकतात.

लटकता डिजिटल काटा पन्नास किलोचा, दहा ग्रॅमने मोजणारा पुरतो. तो आपल्या खातरजमेसाठी. विक्रीचं वजन मोहर असलेल्या काट्यावरच.

सिंहस्थ तोंडावर आहे. २०१५ नंतरचा हा पुढचा कुंभ, आणि गोदाघाटावर, रामकुंडाजवळ, त्र्यंबकच्या रस्त्याला पाण्याच्या बाटल्यांचा खच पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. पर्वणीच्या गर्दीत झाकणं वेगळी जमवण्याचा घाट घालणाऱ्या गटांना एकच सांगणं: तिथे बाटली झाकणासकटच उचला. चिखल, फुलं, तेल लागलेली सुटी झाकणं वेचून, धुऊन, वाळवून पुन्हा निवडण्यात जो वेळ जातो त्यात दहापट वजनाच्या बाटल्या गोळा होतात.

पैसे आले, आता खुर्ची

इथे बरेच गट घाई करतात. आधी हे पाहा की त्या व्यक्तीला खुर्ची सरकारकडून मिळू शकते का. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं विनामूल्य मिळतात. महापालिकेकडेही दिव्यांगांसाठी राखीव पाच टक्के निधी असतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या फेऱ्यांसाठी रिक्षाचे पैसे आणि सोबत माणूस देणं हे झाकणांच्या पैशांचं जास्त चांगलं काम आहे. मिळालेल्या खुर्चीचा टायर, पुढचं छोटं चाक, ब्रेक, फाटलेलं बसायचं कापड यांना मात्र सहसा कुठली योजना नसते. पाचशे-हजारात खुर्ची पुन्हा चालू होते. एका सोसायटीचं वर्ष तिथे बरोबर पुरतं.

नवीनच घ्यायची असेल तर दुकानातली समोर उभी असलेली अठरा इंची खुर्ची उचलून आणू नका. बसलेल्या माणसाची कमरेची रुंदी मोजून दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंच सोडा. रुंद खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो आणि जखमा होतात. आणि घराचा दरवाजा मोजा. अठरा इंची बैठकीची खुर्ची बाहेरून चोवीस-पंचवीस इंच भरते. सिडकोतल्या लहान घरांमध्ये किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत न्हाणीघराची चौकट त्याहून अरुंद निघाली, तर खुर्ची हॉलमध्येच अडकते. अशा घराला चाकं असलेली, हात काढता येणारी कमोड खुर्ची जास्त उपयोगी पडते.